परसांतील कांच



जमीन खणतांना नाणें सांपडलें तर माणूस तें धुतो, पुसतो, चार जणांना दाखवितो व पेटींत ठेवितो. मूर्तीचा तुकडा सांपडला तर तो पारावर जातो आणि त्याला शेंदूर लागतो. कांचेचा तुकडा सांपडला तर मात्र घरोघर एकच वाक्य ऐकूं येतें : ‘पोरांच्या पायांत जाईल, लांब टाका.’ या वाक्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु लांब टाकण्यापूर्वीं तो तुकडा धुवून एकदां उन्हाकडे धरावा, त्याची कड जपून चाचपावी आणि तो किती खोल सांपडला हें ध्यानांत ठेवावें. एवढें केलें तर त्यापासून पुष्कळ कळतें. तें कसें, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

माझें गांव फर्दापूर. अजिंठ्याचा घाट जेथें संपतो आणि खानदेशाचा सपाट मुलूख सुरू होतो तेथें हें वसलें आहे. लेणीं येथून दीड-दोन कोसांवर. तीं पाहण्यासाठीं दरवर्षीं लाखों माणसें आमच्या गांवावरून जातात, आणि गांवाकडे न पाहतां जातात. मोंगलांच्या काळीं बऱ्हाणपूर व औरंगाबाद यांना जोडणारा मार्ग याच घाटानें जात असे. त्या वाटसरूंच्या मुक्कामासाठीं बांधलेली मोठी सराई गांवांत आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत असईची लढाई झाली, तेव्हां इंग्रजांच्या फौजेंतील जखमी वर अजिंठा गांवीं ठेवले होते. १८१९ च्या एप्रिलांत जॉन स्मिथ नांवाचा मद्रासकडील लष्करी अधिकारी शिकारीच्या नादांत लेण्यांशीं पोंचला, आणि दहाव्या लेण्यांत खांबावरील चित्रावरच आपलें नांव व तारीख कोरून गेला. माझ्या वर्गांतील एखाद्या मुलानें असें केलें असतें तर मीं त्याला दिवसभर बांकावर उभें केलें असतें. या गृहस्थाचें नांव मात्र इतिहासांत गेलें! १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं. पुढें १९०९ ते १९११ या काळांत, लागोपाठ दोन हिवाळे, लेडी हेरिंगहॅम ही विदुषी नकला करण्यासाठीं आली. तिच्या मदतीस नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे तरुण बंगाली चित्रकार होते, आणि त्यांचा तळ फर्दापुरासच पडला होता.

या सर्वांचीं नांवें ग्रंथांत आहेत. त्यांना दूध, चारा, पाणी आणि लाकूडफांटा पुरविणाऱ्या गांवाचें नांव मात्र मुक्कामाचें ठिकाण एवढ्यापुरतेंच येतें. गांवकऱ्यांचा स्वतःचा लेखी पुरावा म्हणजे महसुलाचीं दफ्तरें. त्यांत जमीन आहे, सारा आहे, कर्ता पुरुष आहे; घरांतल्या बायका जवळजवळ नाहींतच. परसांतल्या फुटक्या कांचेला मी किंमत देतों ती यासाठीं, कीं दफ्तरांत न सांपडणारी बाई कांचेंत सांपडते.

दोन वर्षांपूर्वीं घरामागें, जुन्या गोठ्याच्या कोपऱ्यांत, शोषखड्डा खणावयाचा होता. यंत्र आंत येण्यास बोळ अरुंद. म्हणून दोन मजूर लावून हातानें खणला. मीं त्यांना एकच काम जास्त सांगितलें : कांच दिसली कीं ती वेगळ्या घमेल्यांत टाकावयाची व मला हांक मारावयाची. मग मी हातानें खोली मोजीत असें आणि तुकडे जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुड्यांत बांधून वर खोली लिहीत असें. मजुरांना याची मौज वाटली. पण दुसऱ्या दिवशीं तेच म्हणूं लागले, ‘गुरुजी, ही दोन हातांची हो.’

आतां पहिला प्रश्न असा कीं, हातीं आलेला तुकडा कांचच आहे काय? आमच्या भागांत ही शंका आधीं घ्यावी लागते. येथील काळ्या खडकाच्या पोकळ्यांत स्फटिक व गारा निघतात. लेण्यांच्या वाटेवर ते विकणारे पुष्कळ आहेत. दोघांतील फरक सोपा आहे. गारेच्या टोकानें कांचेवर चरा उठतो. कांचेनें गारेवर उठत नाहीं. शिवाय कांच उन्हांत धरली तर बहुधा आंत बारीक बुडबुडे दिसतात. ते वितळलेल्या रसांत कोंडलेल्या हवेचे होत. कांच म्हणजे वाळू, खार आणि चुना यांचा भट्टींतला रस. वाळूंत लोखंडाचा अंश असतोच, म्हणून साधी कांच हिरवट होते. तांब्यानें ती मोरपिशी किंवा लाल होते, कोबाल्टानें गर्द निळी. मॅंगनीज घातलें तर हिरवी झांक जाते. पण तीच कांच वर्षानुवर्षें उन्हांत पडून राहिली तर फिकी जांभळी बनते. तेव्हां जांभळट तुकडा खोल मातींत मिळाला तर समजावें कीं, एकतर तो मुद्दाम रंगविलेला आहे, किंवा पुरला जाण्यापूर्वीं बराच काळ उघड्यावर पडला होता.

जुन्या तुकड्यावर कधीं कधीं मोराच्या गळ्यासारखे रंग खेळतात. लोक त्याला जादूची कांच म्हणतात. ओल्या मातींत राहून कांचेच्या पृष्ठांतील खार हळूहळू झिरपून जातो व वर पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्यांवर उजेड फुटून हे रंग दिसतात. ते खरवडून काढूं नयेत. मात्र एवढ्यावरून ‘ही पांचशें वर्षांची’ असें म्हणतां येत नाहीं. जेथें पाणी मुरतें तेथें हें काम लवकर होतें, कोरड्यांत उशिरां.

बाटल्यांविषयीं फार बोलत नाहीं. बाटलीच्या अंगावर सांच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ असते. ती मानेपाशीं संपत असेल तर तोंड कारागिरानें हातानें घडविलें. ती थेट ओठावरून जात असेल तर बाटली यंत्राची. पूर्णपणें यंत्रानें बाटली करण्याची युक्ति अमेरिकेंत मायकेल ओवेन्स यानें १९०३ सालीं सिद्ध केली, म्हणून तसली बाटली त्याच्या अलीकडची. आमच्या खड्ड्यांत हातभर खोलीवर एक जाड, काळपट हिरवें बूड मिळालें. मधोमध आंत दबलेलें, जसें मद्याच्या बाटलीचें असतें. तें पाहून शेजारी म्हणाले, ‘ही साहेबाची.’ असेल, भरलेली असतांना असेलहि. पण खेड्यांत रिकामी बाटली कोणी टाकीत नसे. साहेब गेल्यावर तिच्यांत घासलेट आलें असेल, करडईचें तेल आलें असेल, मध आला असेल. बाटली बनली केव्हां आणि फुटली केव्हां यांत दोन पिढ्यांचें अंतर सहज पडतें, आणि मातींत जाते ती फुटल्यावर. त्याच थरांत एक हिरवट कांचेची गोटी निघाली. तिची हकीकत उघड आहे. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ च्या सुमारास गोटीच्या बुचाची सोडावॉटरची बाटली प्रचारांत आणली. आंतील वायूच्या दाबानें गोटी वरच्या रबरी कड्याला घट्ट बसते. ही बाटली हिंदुस्थानांत आली आणि तेव्हांपासून गोटीसाठीं बाटली फोडणारीं पोरेंहि आलीं.

सपाट कांचेविषयीं मात्र थोडें थांबून बोललें पाहिजे, कारण तींत आमच्या गांवाची हौस गुंतलेली आहे. गिलसाहेब चित्रकार होता तसा छायाचित्रकारहि होता. त्याच्या चित्रांच्या बहुतेक नकला लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ च्या डिसेंबरांत आगींत जळाल्या. पण १८५६ पासून त्याला कॅमेरा मिळालेला होता, आणि त्यानें घेतलेलीं छायाचित्रें १८६४ सालीं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपानें निघालीं. त्या काळीं कांचेच्या तावदानावर रसायनाचा ओला लेप देऊन, तो वाळण्यापूर्वीं, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आंत, छायाचित्र घेऊन धुवावें लागे. अर्थात् अजिंठ्याच्या परिसरांत कांचेचीं तावदानें आलीं यांत संशय नाहीं. गिल आणि पारो यांची कथा तर आतां महाराष्ट्रभर झाली आहे. त्यामुळें आमच्याकडे सपाट कांचेचा तुकडा निघाला कीं त्याचें नातें गिलशीं लावण्याची घाई होते. आणि असा तुकडा पैसे देऊन मागणारेहि भेटतात.

माझें मत असें. गिल राहत होता तो घाटावर, अजिंठा गांवांत, फर्दापुरांत नव्हे. शिवाय तावदान मोलाचें होतें. बिघडलेलें चित्र पुसून, कांच धुवून तीच पुन्हां वापरण्याची त्या धंद्यांत सर्रास चाल होती. मातींत पडलेल्या कांचेवर लेपाचा काळपट अंश कडेला तरी उरला असेल, कडा घांसलेल्या असतील, आणि तुकडा त्याच्या राहत्या जागेजवळ मिळाला असेल, तर गोष्ट निराळी. यांतलें कांहींच नसेल तर घरांत कोणती कांच होती तें आधीं आठवावें. राजा रविवर्म्यानें मुंबईस १८९४ सालीं छापखाना काढला, त्यानंतर लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या तसबिरी गरिबांच्याहि भिंतींवर चढल्या. आणि प्रत्येक तसबिरीला पातळ कांच असे. आमच्या खड्ड्यांतील तीन सपाट तुकड्यांची एक बाजू चुलीच्या धुरानें पिवळी झालेली आहे. ज्याला त्यांत गिल दिसतो त्याला दिसो. मला माझ्या आजीची लक्ष्मी दिसते.

त्याहून पातळ, अंड्याच्या कवचासारखी वांकडी कांच असेल तर ती कंदिलाची किंवा चिमणीची. हिच्याशिवाय घासलेटाचा दिवा वाऱ्यांत टिकत नाहीं. रोज सांजेला ती राखेनें व चिंधीनें पुसावयाची, आणि तापली असतां तिच्यावर पाण्याचा थेंब पडूं द्यावयाचा नाहीं. थेंब पडलेली जागा एकदम आकसते, बाकीची आकसत नाहीं, आणि कांच तडकते. या कांचेमागें एक मोठी खटपट आहे. प्रथम ही सगळी परदेशची. ती येथें व्हावी म्हणून अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणसाकडून वर्षाला एक पैसा जमविण्याची पैसाफंडाची योजना काढली, लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तो चालविला, आणि तेथें तयार झालेले कारागीर दूरदूर पसरले. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ, आज जिला ओगलेवाडी म्हणतात तेथें, कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. तो कारखाना पुढें बंद झाला, कंदीलहि गेले. आमचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें आणि लगतचें खानदेश इंग्रजांच्या. तेव्हां जळगांवच्या बाजारांतून आणलेली कांच राज्याची शीव ओलांडून येत असे. मधल्या वाटेवर ती न फुटतां आली तर नशीब.

आतां बांगडीकडे वळतों. खड्ड्यांतील निम्म्याहून अधिक तुकडे बांगड्यांचेच होते, आणि कोणत्याहि मराठी परसांत असेंच आढळेल. बांगडी फुटली असें आपण म्हणतहि नाहीं, ‘वाढली’ म्हणतों. जी वस्तु रोज हातांत, पाण्यांत, जात्याच्या खुंट्यावर, विहिरीच्या दोरावर, ती वाढणारच. म्हणून कासार आणि मण्यार यांचें दुकान कधीं बसलें नाहीं.

बांगडीच्या तुकड्यांत प्रथम सांधा शोधावा. जुन्या रीतींत लोखंडी सळईवर तापल्या कांचेचा गोळा घेऊन, त्याला भोंक पाडून, शंकूसारख्या सांच्यावर फिरवून तो रुंदावीत. त्या बांगडीला सांधा नसतो. दुसऱ्या रीतींत कांचेची तार रुळावर मळसूत्रासारखी गुंडाळतात, वेटोळीं कापतात, आणि प्रत्येकाचीं टोकें दिव्याच्या आंचेवर जोडतात. हिला एक सांधा असतो. फिरोजाबादचा माल या दुसऱ्या रीतीचा. सांधा नाहीं म्हणजे बांगडी शेंकडों वर्षांची असें मात्र नव्हे, कारण जुनी रीत कांहीं ठिकाणीं फार उशिरांपर्यंत चालूं होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोहेमियांतील गाब्लोंझ गांवच्या बांगड्यांनीं आमचे बाजार भरले, पुढें जपानच्या आल्या, आणि गांवोगांवच्या भट्ट्या विझल्या. ‘स्वदेशी’चा विचार पुरुषांच्या सभेंत झाला असेल, पण त्याची कसोटी बायकांच्या मनगटावर लागली.

दोन हातांच्या खालीं मला सहा तुकडे मिळाले. ते काळपट कांचेचे, सांधा नसलेले, वर पिवळे ठिपके बसविलेले. असल्या अनेकरंगी बांगड्या आपल्याकडे उत्खननांत निघालेल्या आहेत. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं उत्खनन केलें, तेथें बहामनी काळच्या थरांत कांचेच्या बांगड्या मुबलक मिळाल्या, नेवाशासहि मिळाल्या. दीक्षितांनीं तर भारतीय कांचेचा इतिहासच लिहिला, तो १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. माझे सहा तुकडे नेमके कोणत्या शतकांतले हें तज्ज्ञानें सांगावें. सराईजवळच्या या जागेवर कंदील व सोडावॉटर येण्याच्या कितीतरी आधीं कोणी बाई राहत होती, धुणीं धूत होती आणि तिला चार रंगांची आवड होती, एवढें सांगण्यास तज्ज्ञाची जरुरी नाहीं.

तुकड्यावरून हाताचें मापहि निघतें. हा हिशेब रेडिओवर सांगण्यास थोडा अवघड आहे, पण सातवीच्या मुलाला जमण्यासारखा आहे. तुकड्याचीं आंतलीं दोन टोकें सरळ रेषेनें जोडावीं; ही जीवा. तिच्या मध्यापासून बांगडीच्या आंतल्या कडेपर्यंत अंतर मोजावें, हा शर. अर्ध्या जीवेचा वर्ग करून त्याला शरानें भागावें आणि भागाकारांत शर मिळवावा. आला तो व्यास. समजा जीवा तीस मिलिमीटर आणि शर सव्वाचार. पंधराचा वर्ग दोनशें पंचवीस; त्याला सव्वाचारांनीं भागिलें तर सुमारें त्रेपन्न; त्यांत सव्वाचार मिळवून सत्तावन्न मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच. इंचाचे सोळा भाग धरून मोजणारा कासार या बांगडीला ‘दोन-चार’ म्हणतो.

हें माप मीं काल्पनिक घेतलेलें नाहीं. दीड हाताच्या थरांत, गोठ्याच्या भिंतीलगत, एका ठिकाणीं एकत्र असे एकतीस तुकडे मिळाले. सगळे एकाच हिरव्या रंगाचे, एकाच जाडीचे, आणि सगळे ‘दोन-चार’चे. कासार बसत होता त्या जागीं तुकडे सांपडले तर ते नाना रंगांचे व नाना मापांचे असतात, आणि बांगड्या भरतांना वाढलेले म्हणून कोरे करकरीत असतात. हे वापरून घांसलेले होते. प्रत्येक बांगडीला सांधा एकच, म्हणून सांधे मोजले, नऊ भरले. निदान नऊ बांगड्या, एका मापाच्या, एका वेळीं फुटलेल्या.

या पुडीपुरती मला उत्खननाच्या शास्त्राची आवश्यकता नव्हती. १९६८ सालीं माझे धाकटे काका वारले तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. काकू बावीस वर्षांची होती. मागल्या दारच्या दगडावर बायकांनीं तिचे हात धरले आणि दुसऱ्या दगडानें बांगड्या फोडल्या. तिचें मनगट कापलें होतें, त्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. सगळे आंत गेल्यावर आजीनें ते तुकडे सुपांत वेंचले आणि गोठ्याच्या कोपऱ्यांत खळगा करून पुरले. मीं विचारलें तेव्हां म्हणाली, ‘पोरांच्या पायांत जाईल.’ त्यानंतर पन्नास वर्षें काकूनें आमच्या घरांत दळलें, कांडलें, आम्हांला वाढविलें, आणि तिच्या हातांत मीं पुन्हां बांगडी पाहिली नाहीं. घरांत हळदीकुंकू असलें कीं ती होऊन गोठ्याकडे काम काढीत असे.

मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें या चालींवर बंदी घालणारा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींहि तसें करावें असें परिपत्रक काढलें. ठराव वाचून आमच्याकडील कांहीं वडीलधारे म्हणाले, ‘आपल्याकडे हें पूर्वींहि फारसें नव्हतेंच.’ असें म्हणणारे खोटें बोलतात असें मी म्हणत नाहीं. माणूस नको तें विसरतो. त्यांच्या पुढ्यांत मीं ती पुडी सोडून ठेवली आणि सांधे मोजावयास सांगितले.

शेवटीं थोडें व्यवहाराचें. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीवर १९७२ च्या कायद्याचीं बंधनें आहेत, तेव्हां प्रवाशाला वा दलालाला तुकडे विकण्याच्या भरीस पडूं नये. त्यांत मिळकतहि नाहीं. तुकडा साबणानें न घासतां साध्या पाण्यानें धुवावा. वेगवेगळ्या खोलीवरचे तुकडे एकत्र करूं नयेत, कारण एकदां मिसळले कीं ते पुन्हां नुसता कचरा होतात. पूर्वींच्या खड्ड्यांनीं, उंदरांनीं आणि झाडांच्या मुळांनीं माती खालींवर होते, म्हणून एका तुकड्यावर भिस्त ठेवूं नये. दहा तुकडे एकच गोष्ट सांगूं लागले तर ऐकावें. पुडीवर तारीख, खोली आणि घराचा कोणता कोपरा हें शाईनें न लिहितां शिसपेन्सिलीनें लिहावें. ओल लागली तर शाई पसरते. आणि घरांत जुनें माणूस असेल तर त्याला तुकडा दाखवून तें काय म्हणतें तेंहि लिहावें.

हिरव्या तुकड्यांची पुडी मीं आधीं काकूला दाखविली होती. तिला आतां नीट दिसत नाहीं. तिनें एक तुकडा अंगठ्यानें चाचपला आणि म्हणाली, ‘या पाचोऱ्याच्या बाजारच्या. लग्नांतल्या नव्हेत, त्या आधींच वाढल्या होत्या.’ तेंहि मीं पुडीवर लिहून ठेविलें आहे.